अबू सत्तामची भुवई

आईने जाण्याआधी हिक्मतकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती आणायला ज्या दारात जावं लागणार होतं, त्या दारात उभं राहायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

"माझ्या दुखवट्याला कॉफी अबू सत्तामनेच वाढायची," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा दल्ला हॉलच्या दारातून आत आला, तर मी कबरीतून उठून येईन बघ."

उशाशी बसलेली फद्वा, हिक्मतची धाकटी बहीण, हसली. हिक्मतने आईच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. ते आधीच नीट होतं.

करकच्या डोंगरांतल्या त्या गावात लग्न असो, मयत असो, नाहीतर दोन भांडकुदळ घरांचा समेट असो, कॉफी अबू सत्तामची. डाव्या हातात दल्ला, म्हणजे ते लांब चोचीचं पितळी भांडं, आणि उजव्या हातात बिनकानाचे छोटे चिनीमातीचे फिंजान. वेलची घातलेली, कडू, घोटभर कॉफी. पिऊन झालं की फिंजान बोटांत हलवायचा, म्हणजे पुरे. नाही हलवला तर तो पुन्हा ओतणार, तुम्ही नको नको म्हणा की आणखी काही म्हणा. मग तोच फिंजान पुढच्या माणसाला. कुळाचा म्होरक्या आणि त्याचा मेंढपाळ, दोघांचे ओठ एकाच काठाला लागायचे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. ज्याला यजमानाकडे काही मागायचं असेल, तो भरला फिंजान न पिता समोर जमिनीवर ठेवायचा. मग सगळा हॉल गप्प. यजमान म्हणायचा, "कॉफी घे, तुझं काम झालं," की मगच ती ओठांना लावायची. हिक्मतच्या वडिलांनी आईला अशीच मागणी घातली होती, आणि तो फिंजान भरला होता तरण्या अबू सत्तामने. आई ही गोष्ट रंगवून सांगू लागली की वडील दर वेळी मध्येच म्हणायचे, "गार कॉफी प्यावी लागली मला. तुझा बाप विचार करत बसला होता."

हिक्मत शिकला, अम्मानला गेला, आणि तिथल्या एका दैनिकाच्या शेवटच्या पानावर व्यंगचित्रं काढू लागला. बरा काढायचा. मंत्र्यांची पोटं, ब्रेडच्या रांगा, नळाला तोंड लावून बसलेला मध्यमवर्गीय माणूस. लोक पेपर मागून उघडायचे, ते त्याच्यामुळे. निदान तो तरी तसं समजायचा.

मग साथ आली. त्या वसंतात सगळ्या अरबी पेपरांत जणू एकच चित्र छापून येत होतं, फक्त कोपऱ्यातली सही वेगळी. मास्क लावलेली पृथ्वी. काटेरी हिरवा गोळा, त्याला दात आणि तिरपे डोळे. पांढऱ्या कोटातला डॉक्टर, हातात ढाल. कैरोत तेच, बैरूतमध्ये तेच, आखातात तेच, तिथे फक्त कागद जरा गुळगुळीत. हिक्मतचाही पृथ्वीला मास्क लावून झाला होता. एकदा तर चंद्रालाही लावला होता, त्याची त्याला पुढे लाज वाटायची.

"उस्ताद हिक्मत," संपादक रमझी फोनवर म्हणाले, "मास्क लावून लावून त्या पृथ्वीला आता घामोळं येईल. जरा आपलं काढा की. आपल्या घरातलं. लोक अजून गालाला गाल लावतायत, दुखवट्याला मांडीला मांडी लावून बसतायत. तिथे मारा."

त्याच आठवड्यात आईने फोनवर सांगितलं की गावात एका म्हाताऱ्याच्या दुखवट्याला जमलेली माणसं एकामागून एक तापाने पडली. दोन वयस्क दगावले. एक त्यांचा शेजारी होता. आई रडत होती. हिक्मतने तिचं सांत्वन केलं, फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. कलावंत लोकांचं हे असं असतं. डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत त्यांना त्यात शाई दिसते.

चित्र भराभर उतरलं. दुखवट्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. पहिल्या खुर्चीवर लालबुंद गालांचा लठ्ठ माणूस फिंजान तोंडाला लावून बसलेला. दुसरा जरा फिका. तिसरा वाळलेला. शेवटच्या खुर्चीवर माणूसच नाही, नुसता डोक्याचा लाल चौकड्यांचा रुमाल पडलेला. आणि रांगेसमोर वाकून उभा असलेला कॉफीवाला. त्याच्या दल्ल्याचं पोट म्हणजे तोच काटेरी गोळा. कॉफीवाला गोड हसून म्हणतोय, "आणखी घ्या, लाजू नका."

हिक्मतची एक सवय होती. तो माणूस भुवईपासून काढायचा. भुवई सापडली की माणूस सापडला, असं तो शिकवायचा सुद्धा. कॉफीवाल्याची भुवई त्याने काढली आणि बाकीचा चेहरा आपोआप खाली उतरत गेला. खोल गाल, झुपकेदार मिशी, जरा पुढे आलेली हनुवटी. अबू सत्तामला लहानपणी खेचराने लाथ मारली होती, तेव्हापासून त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली. चित्रातलीही मधोमध तुटलेली होती.

हिक्मतला ती दिसली. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे वर्षानुवर्षं तो लोकांना वेगळं सांगत आला. त्याला दिसली, आणि त्याने खोडरबरही उचललं. भुवई जोडून पाहिली. जोडली तशी चित्रातली जान गेली, राहिला तो जाहिरातीतला कुठलातरी म्हातारा. त्याने ती पुन्हा तोडली. अम्मानमध्ये त्याला कोण ओळखतं, त्याने मनाशी म्हटलं, आणि गावात पेपर वाचतो कोण?

गावात पेपर कुणी वाचत नव्हतं. फोन मात्र सगळ्यांकडे होते.

चित्र वणव्यासारखं पसरलं. ट्यूनिसच्या, बगदादच्या पेपरांनी ते मागून छापलं. कुठल्याशा संस्थेने त्याचं पोस्टर केलं, ते दवाखान्यांच्या आणि किराणा दुकानांच्या दारांवर लागलं. रमझी म्हणाले, "उस्ताद, हजार भाषणांनी झालं नसतं ते तुम्ही एका दल्ल्याने केलंत." आणि खोटं काही नव्हतं त्यात. किती घरांनी ते चित्र पाहून दुखवटे लांबवले असतील, किती म्हातारी माणसं वाचली असतील. चित्र चुकीचं नव्हतं, हीच तर सगळी पंचाईत होती. चुकीचं असतं तर त्याने केव्हाच माफी मागून टाकली असती.

आईचा फोन आला.

"अरे, हा अबू सत्ताम आहे."

"आई, तो कुणीही आहे. प्रतीक असतं ते."

"प्रतीकाची भुवई खेचराने फोडली होय रे?"

तो चिडला. त्याने तिला व्यंगचित्रकला समजावून सांगितली. ती ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "बरं बाळा, तू शिकलेला आहेस." आईने असं म्हटलं की भांडण संपत असे, पण जिंकलो असं कधी वाटत नसे.

ज्या दुखवट्यानंतर गावात माणसं तापाने पडली, त्याला कॉफी अबू सत्तामनेच वाढली होती. चित्र येईपर्यंत ह्या गोष्टीचं कुणाला काही वाटलं नव्हतं. शेजारी शेजाऱ्याला भेटला, आजार आला, देवाची मर्जी. चित्र आल्यावर गावाला दोष ठेवायला एक चेहरा मिळाला, आणि तो रोज समोरून जायचा. तो स्वतः कधी आजारी पडला नाही, हेही मग त्याच्यावरच उलटलं. लोक म्हणाले, बघा, त्याला काही झालं नाही. तो दुकानात शिरला की बाया ओढणी नाकाला लावायच्या. पोरं मागून ओरडायची, "आणखी घ्या, लाजू नका." टाळेबंदी उठली, लग्नं पुन्हा सुरू झाली. त्याला बोलावणं येईना. हॉलमध्ये कागदी कप आले, एकेकाला एकेक, पिऊन टाकून द्यायचे. ते थर्मासमधून कुणीही भरायचं.

पुढच्या हिवाळ्यात अबू सत्तामची बायको गेली, काळजाच्या जुन्या दुखण्याने. तोवर दुखवट्यांना परवानगी मिळाली होती. लोक आले. रीतच आहे, यावंच लागतं. अबू सत्तामने स्वतःच्या बायकोच्या दुखवट्याला स्वतःच कॉफी भाजली, कुटली, उकळली आणि दल्ला घेऊन रांगेपुढे उभा राहिला. पहिल्या माणसाने छातीवर हात ठेवला. नको, आत्ताच घेतली. दुसऱ्याने छातीवर हात ठेवला. तिसऱ्याने. सगळी रांग छातीवर हात ठेवून बसली होती, फार अदबीने, आणि तो भरला दल्ला घेऊन टोकापर्यंत गेला आणि तसाच भरला घेऊन परत आला.

"तुझे वडील असते तर उठून प्याले असते," आई फोनवर म्हणाली. "पुरुषांच्या हॉलमध्ये मला जाता येत नाही, नाहीतर मी प्याले असते. तू ये. तू पी त्याच्या हातची सगळ्यांसमोर. मग बघू कोण नको म्हणतं."

तो गेला नाही. आधी म्हणाला काम आहे, मग रस्त्यावर धुकं आहे. रस्ता काही फार लांबचा नव्हता आणि धुकं दुपारपर्यंत विरायचं. त्याला भीती वाटत होती की आपण हॉलमध्ये शिरलो की लोक आपल्याकडे पाहतील, मग अबू सत्तामकडे, मग पुन्हा आपल्याकडे. त्याच वर्षी त्या चित्राला कुठल्यातरी प्रदर्शनात बक्षीस मिळालं. ती फ्रेम त्याने भिंतीला लावली नाही. पलंगाखाली ठेवली. टाकूनही दिली नाही.

आणि आता आई गेली होती. पहाटे गेली, दुपारच्या नमाजानंतर तिला पुरलं. दुसऱ्या दिवसापासून हॉल उघडणार.

"तू जा ना," हिक्मत फद्वाला म्हणाला. "तुझा शब्द ते मोडणार नाहीत."

फद्वाचे डोळे सुजले होते, पण जीभ जागेवर होती. "मी गेले तर ते लगेच हो म्हणतील," ती म्हणाली. "आणि तू सुटशील. जा तू."

तो गेला. वाटेत सगळं मनात घोकत गेला. अबू सत्ताम कॉफी देईल. शत्रूलाही देतात. आपण फिंजान न पिता समोर ठेवायचा आणि मागायचं, दोन्ही मागायचं, आईची इच्छा आणि आपली माफी. रीत आहे. फिंजान जमिनीवर असताना कुणी पाठ फिरवत नाही. त्याच्या वडिलांना त्या रीतीने आई मिळाली होती. आपल्याला एवढं तरी मिळेल.

अबू सत्ताम अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसला होता. थकला होता, मिशी पांढरी झाली होती. भुवई तशीच. मागच्या कोनाड्यात दल्ला पालथा घातलेला, पितळ काळं पडलेलं.

"देव तिला क्षमा करो," तो म्हणाला. "बस."

हिक्मत बसला. सून आतून तबक घेऊन आली. तबकात पाण्याचा एक ग्लास होता. तिने तो ठेवला आणि आत गेली. हिक्मत वाट पाहत राहिला. आतून भाजलेल्या कॉफीचा वास आला नाही, उखळीचा आवाज आला नाही. कॉफी येणार नाही हे त्याला कळायला जरा वेळच लागला. त्याच्या सगळ्या आयुष्यात ह्या गावात कुणी त्याला कॉफीशिवाय बसवलं नव्हतं. जमिनीवर ठेवायला त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "आईची इच्छा होती की..."

"माहीत आहे. मीच वाढणार."

हिक्मतने मान वर केली.

"तिने मला कधीच सांगून ठेवलं होतं," अबू सत्ताम म्हणाला. "काठी टेकत चालता येत होतं तेव्हा इथवर आली होती. तू बसलायस तिथेच बसली. मी शब्द दिला तिला. तू आला नसतास तरी मी उद्या येणारच होतो."

"मग तिने मला कशाला सांगितलं?"

"ते तिला विचारायचं होतंस," अबू सत्ताम म्हणाला, आणि मांडवाचं एक वाळकं पान काढून टाकलं.

मरता मरता म्हातारीने हिक्मतला हाताला धरून इथवर आणून बसवलं होतं, आणि तो समजत होता की आपण तिचं काम करायला आलोय.

"काका, ते चित्र," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी मुद्दाम नव्हतं केलं."

"भुवई आपोआप आली?"

रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"नाही," हिक्मत म्हणाला. "मला दिसली होती."

"हं. मला वाटलंच." अबू सत्तामने स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं. "फार चांगली काढली होतीस. माझ्या बायकोने फोनवर पाहिली तर म्हणाली, अहो, हे तुम्हीच. आधी खूश झाली होती बिचारी. तिला वाटलं, कौतुकाने काढलंय. मग आमच्या पोराने, सत्तामने, तिला खाली लिहिलेलं वाचून दाखवलं."

"लोकांनी तुमच्याशी जे केलं ते..."

"लोकांचं सोड. लोक घाबरले होते. घाबरलेल्या माणसाचा राग काय धरायचा? मीही घाबरलो होतो, रोज हात धुऊन धुऊन सालटी निघाली माझी." त्याने हिक्मतकडे प्रथमच नीट पाहिलं. "तू घाबरला नव्हतास पोरा. तू हसवत होतास. मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

हिक्मत पाणी न पिता उठला. मग त्याला वाटलं की ग्लास तसाच ठेवला तर तो काहीतरी मागितल्यासारखा दिसेल, म्हणून परत वाकून पाणी प्याला. कुणी पाहत नव्हतं. अबू सत्ताम मांडवाकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. हिक्मत घरचा मोठा म्हणून दाराजवळ, येणाऱ्यांचे हात हातात घेत उभा होता. टेबलावर थर्मास आणि कागदी कपांची चवड होती, कुणीतरी सवयीने मांडून ठेवलेली. तेवढ्यात दारातून फिंजानावर फिंजान वाजल्याचा तो जुना आवाज आला आणि बोलणी थांबली. अबू सत्ताम आत आला. धुतलेला झगा, मिशी विंचरलेली, दल्ला घासून सोन्यासारखा केलेला. त्याने पहिला फिंजान रीतीप्रमाणे स्वतःला ओतला, सगळ्यांसमोर प्याला. मग कुळाच्या म्होरक्यापुढे वाकला.

म्होरक्या अबू सत्तामच्या बायकोच्या दुखवट्याला छातीवर हात ठेवून बसलेल्यांत पहिला होता. त्याने फिंजानाकडे पाहिलं, मग अबू सत्तामच्या चेहऱ्याकडे. घेतला. प्याला. हलवला नाही. अबू सत्तामने पुन्हा ओतली. तीही प्याला. तिसरीनंतर त्याने फिंजान हलवला आणि खाली मान घालून बसला. मग दुसऱ्याने घेतला, तिसऱ्याने घेतला. रांगेतून रांगेत फिंजान फिरत गेला. एकाने डोळे पुसले, ते हिक्मतच्या आईसाठी होते की कशासाठी, कोण जाणे. पलीकडे बायकांच्या खोलीत फद्वा पडदा किंचित सारून बघत होती.

हिक्मत वाट पाहत होता. आईने त्याच्यासाठी हेच तर जमवून आणलं होतं. आता तो फिंजान आपल्या हातात येईल, हॉलचे यजमान आपणच असलो तरी आपण तो त्याच्यासमोर ठेवू, सगळ्या गावासमोर माफी मागू. कुणी हसलं तर हसू दे.

अबू सत्ताम रांगेच्या टोकाला पोचला आणि त्याच्याकडे वळला. हातातला फिंजान त्याने दुसऱ्या फिंजानात अलगद ठेवला. मग टेबलाकडे हात लांबवून चवडीतला वरचा कागदी कप उचलला, त्यात घोटभर कॉफी ओतली आणि पुढे केला.

हिक्मतने तो घेतला. कप इतका हलका होता की आत काही आहे असं वाटेना. गुडघे वाकवून त्याने तो अबू सत्तामच्या पायांसमोर फरशीवर ठेवला आणि तसाच खाली बसून राहिला. हॉल गप्प झाला. रीत सगळ्यांना माहीत होती.

अबू सत्तामने कपाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कागदी कपाला ती रीत नसते, पोरा," तो हळूच म्हणाला, फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच. "पी, नाहीतर टाकून दे."

आणि दारातून नवे पाहुणे येत होते, तो फिंजान वाजवत त्यांच्याकडे गेला.

हिक्मतने कप उचलला. कॉफी अजून गरम होती. आई म्हणायची तशीच होती, कडू आणि मागून वेलची. तो ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मग लहानपणापासूनच्या सवयीने त्याने रिकामा कप बोटांत धरून हलवला. तो घ्यायला समोर कुणी नव्हतं.